पान्हा आणि माया: रक्तातले ऑक्सिटोसिन व मेंदूतले ऑक्सिटोसिन

ऑक्सिटोसिनबद्दलच्या लेखांत एक घोटाळा इतक्या वेळा वाचावा लागतो की तो एकदा नीट सोडवून दाखवणे मला आवश्यक वाटते. या संप्रेरकामुळे गर्भाशय आकुंचन पावते आणि दूध उतरते, असे आधी सांगितले जाते. पुढच्याच वाक्यात तेच संप्रेरक माया, विश्वास आणि जवळीक निर्माण करते असे येते. आणि मग रक्तातली त्याची पातळी वाढली म्हणजे माया वाढली, असा निष्कर्ष काढून लेखक मोकळा होतो. रेणू एकच आहे, हे खरे. परंतु रक्तात सुटलेले ऑक्सिटोसिन आणि मेंदूच्या आत सुटलेले ऑक्सिटोसिन यांचा हिशेब वेगवेगळाच मांडावा लागतो.

रक्तातले ऑक्सिटोसिन बहुतेकांच्या परिचयाचे आहे. वासरू आचळाला लागले की तो स्पर्श मज्जारज्जूवाटे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचतो, त्याखालच्या पियुषिका ग्रंथीच्या पश्चखंडातून, म्हणजे मागच्या भागातून, ऑक्सिटोसिन रक्तात उतरते, कासेतील आकुंचनशील पेशींना गाठते आणि पान्हा फुटतो. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी दिले जाणारे १० युनिटांचे इंजेक्शनही रक्तावाटेच गर्भाशयावर काम करते. पश्चखंडात ऑक्सिटोसिन ‘तयार होते’ असे अनेक तक्त्यांत छापलेले असते, ते मात्र चूक आहे. ते तयार होते हायपोथॅलॅमसच्या पॅराव्हेंट्रिक्युलर आणि सुप्राऑप्टिक या केंद्रकांतील (चेतापेशींच्या पुंजक्यांतील) मोठ्या चेतापेशींत, आणि त्यांच्या अक्षतंतूंमधून, म्हणजे संदेश बाहेर नेणाऱ्या लांब तंतूंमधून, पश्चखंडात येऊन साठते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वोल्फगांग बार्गमान यांनी १९४९ मध्ये हा मार्ग रंजकाच्या साहाय्याने दाखवून दिला.

गोंधळ खरा होतो तो यापुढे. पश्चखंड हा गर्भावस्थेत मेंदूतूनच खाली वाढलेला भाग असला, तरी तेथील केशवाहिन्या रक्त-मेंदू अडथळ्याच्या, म्हणजे रक्तातले बरेच पदार्थ मेंदूत शिरू न देणाऱ्या व्यवस्थेच्या, बाहेर असतात. तेथे सुटलेले ऑक्सिटोसिन काही मिनिटांत रक्तातून नाहीसे होते आणि अडथळा ओलांडून मेंदूत परतणारा अंश फारच थोडा असतो. मग मेंदूला ते मिळते कुठून? पॅराव्हेंट्रिक्युलर केंद्रकातील लहान चेतापेशी आपले तंतू मस्तिष्कस्तंभाकडे आणि मज्जारज्जूकडे पाठवतात, तर मोठ्या चेतापेशींच्या काही शाखा भावनांशी निगडित अमिग्डालासारख्या भागांत शिरतात. याहून विलक्षण गोष्ट अशी की या मोठ्या पेशी आपल्या वृक्षिकांमधूनही (संदेश आत घेणाऱ्या आखूड फांद्यांमधूनही) ऑक्सिटोसिन सोडतात, आणि अक्षतंतूच्या टोकाशी काहीही सुटत नसताना हे घडू शकते. म्हणजे एकाच पेशीचे एक तोंड रक्ताकडे आणि दुसरे मेंदूकडे उघडते, आणि ही दोन्ही तोंडे एकाच वेळी उघडतील याची हमी नसते. रक्ताच्या नमुन्यावरून मायेचे मोजमाप करणाऱ्यांना माझा आक्षेप आहे तो नेमका याच ठिकाणी.

दोन्हींचा संबंधच नाही, असे मात्र मी म्हणत नाही. पिले दूध पीत असताना उंदरीच्या या चेतापेशी वृक्षिकांमधून जे ऑक्सिटोसिन सोडतात, त्याच्या मदतीने त्या सगळ्या एका वेळी उत्तेजित होतात, आणि म्हणूनच रक्तात एक जोरकस लाट येऊन पान्हा फुटतो. इस्ट्रोजेन देऊन तयार केलेल्या, गाभण नसलेल्या मेंढीच्या मेंदूतील द्रवात ऑक्सिटोसिन सोडले असता ती परक्या कोकरालाही जवळ करू लागते. उलट, १९९६ मध्ये ऑक्सिटोसिनचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांवर जे प्रयोग झाले, त्यांत मादी नीट व्यायली, तिने पिलांची काळजीही घेतली, पण पान्हा फुटला नाही, आणि बाहेरून ऑक्सिटोसिन दिल्यावर तो फुटला. दूध उतरण्यासाठी ऑक्सिटोसिनला पर्याय नव्हता; पिलांची काळजी मात्र त्याच्यावाचून अडली नाही. ‘प्रेमाचे संप्रेरक’ हे बिरूद मला म्हणूनच मुळीच मान्य नाही. दूध उतरणे आणि माया दाटून येणे या दोन्हींसाठी मराठीत ‘पान्हा’ हा एकच शब्द आहे आणि तो मला अतिशय प्रिय आहे, पण शरीरक्रियेबद्दल लिहिताना त्यातले दोन अर्थ वेगळे ठेवलेच पाहिजेत.

ऑक्सिटोसिन आणि शरीरातले पाणी राखणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक यांच्यातील फरक त्या मानाने किरकोळ आहे: दोन्हींत नऊ अमिनो आम्ले असतात आणि त्यांपैकी दोनच निराळी असतात. येथेही महत्त्वाचा मुद्दा जागेचाच आहे, कारण दैनंदिन लय सांभाळणाऱ्या सुप्राकायास्मॅटिक केंद्रकातील व्हॅसोप्रेसिन पियुषिकेकडे जातच नाही. ते मेंदूतच वापरले जाते.

मेंदूत अमुक पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या साखळीचा रेणू) ‘सापडते’, एवढे लिहून थांबणे मला याच कारणाने अपुरे वाटते. कोलेसिस्टोकायनिन हे आतड्याचे संप्रेरक म्हणून प्रसिद्ध आहे, आणि प्रमस्तिष्काच्या बाह्यकातही ते विपुल असते; पण तेथे ते आतड्यातून येत नाही, बाह्यकातील चेतापेशीच ते बनवतात. इन्सुलिनचे बव्हंशी याच्या उलट आहे: ते स्वादुपिंडात बनते, आणि केशवाहिन्यांच्या भित्तिकेतील खास वाहतूक व्यवस्था त्याला रक्तातून उचलून मेंदूत नेते.