समुद्रातला मासा आणि पाळलेला मासा : आरोग्याच्या वादाची पार्श्वभूमी

तळ्यात कार्प पाळण्याची रीत चीनमध्ये सुमारे अडीच हजार वर्षांपासून आहे. समुद्रातून पकडलेला मासा आरोग्याला चांगला की पाळलेला, या आजच्या वादाशी मात्र त्या इतिहासाचे नाते पातळ आहे. कार्प पाण्यातल्या वनस्पती, किडे, गाळातले जीव यांवर पोसला जातो. तळ्यातला कार्प आणि नदीतला कार्प यांच्या मांसात आरोग्याच्या दृष्टीने फार मोठी दरी पडण्याचे कारण नव्हते.

दरी पडली ती मासे खाणारा मासा पिंजऱ्यात आल्यावर. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे समुद्राच्या अरुंद, खोल खाड्यांत, १९७०च्या सुमारास तरंगत्या जाळ्यांत अटलांटिक सॅमन वाढवणे जमले. पुढे स्कॉटलंड, कॅनडा आणि चिली इथेही हा धंदा पसरला. सॅमनला तेव्हा खाद्य लागे ते मुख्यतः माशांचेच. म्हणून लहान तेलकट मासे दळून त्यांची भुकटी आणि तेल त्याला घातले जाऊ लागले. १९९०मध्ये नॉर्वेतल्या सॅमनच्या खाद्याचा जवळजवळ ९० टक्के भाग समुद्रातूनच येत होता. नेमक्या त्याच दशकांत मासा आणि हृदय ही जोडी लोकांच्या मनात पक्की झाली. १९७०च्या दशकात ग्रीनलँडच्या इनुइट लोकांच्या रक्तातल्या चरबीवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ओमेगा-३ (तेलकट माशांत असणारी, हृदयाला चांगली मानली जाणारी स्निग्धाम्ले) हा शब्द घरोघरी पोचला. त्या लोकांच्या आहारात सील आणि व्हेलही भरपूर होते, ही गोष्ट पुढच्या गवगव्यात मागे पडली.

वादाला खरे तोंड फुटले जानेवारी २००४मध्ये. निरनिराळ्या देशांतून विकत घेतलेल्या सुमारे ७०० सॅमन माशांची, म्हणजे जवळपास दोन टन मांसाची, तपासणी एका नामांकित विज्ञान नियतकालिकात छापून आली. पाळलेल्या सॅमनमध्ये पीसीबीचे (कारखान्यांत वापरली जाणारी, कर्करोगाशी जोडलेली जुनी रसायने) प्रमाण सरासरी अब्जात ३६ भागांच्या आसपास होते, तर समुद्रातल्या सॅमनमध्ये पाचच्या आत. डायॉक्सिन ही विषारी रसायने आणि काही जुनी कीटकनाशकेही पाळलेल्या माशात जास्त निघाली. उत्तर युरोपातले मासे सर्वांत वरच्या पातळीवर होते. त्यामागचे कारण सरळ होते. पीसीबी चरबीत साठते. लहान माशांच्या चरबीतले पीसीबी तेलात उतरले आणि तेलातून पिंजऱ्यातल्या माशात आले.

हे आकडे फारसे कोणी नाकारले नाहीत. भांडण झाले ते मोजपट्टीवरून, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत नीट समजून घेण्यासारखा भाग हाच आहे. अमेरिकेत तेव्हा दोन सरकारी खाती दोन वेगळ्या मोजपट्ट्या वापरत होती. बाजारात विकल्या जाणाऱ्या माशाला अन्नखात्याची मर्यादा लागू होती : अब्जात २,००० भाग. ती १९८४मध्ये ठरली होती आणि ठरवताना लोकांच्या आरोग्याबरोबरच किती मासा बाजारातून बाद होईल, याचाही हिशेब कायद्याप्रमाणे धरला होता. पर्यावरण खात्याचे कोष्टक वेगळे. ते स्वतः गळ टाकून मासे धरणाऱ्यांसाठी होते आणि त्यात बाजाराच्या नुकसानीला जागाच नव्हती. आयुष्यभरात कर्करोगाची जोखीम लाखात एकाने वाढू नये म्हणून महिन्यात किती वेळा मासा खावा, एवढेच ते सांगत होते. २००४च्या संशोधकांनी हे दुसरे कोष्टक लावले. पहिल्या मोजपट्टीने सगळे मासे आरामात पास होत होते. दुसरीने उत्तर युरोपातला पाळलेला सॅमन महिन्यातून एकदाही खाऊ नये, असे उत्तर येत होते. मासा तोच, आकडा तोच, आणि एकाच देशातली दोन खाती त्याच ताटाबद्दल दोन टोकांची गोष्ट सांगत होती. खाणाऱ्याने कोणावर विसंबायचे?

आक्षेप आणखीही आले. तपासणी कातडीसकट केली होती. कातडी आणि तिच्याखालची चरबी काढली तर पीसीबीचा काही भाग जाऊ शकतो, असे म्हणणे होते. शिवाय पाळलेला होता अटलांटिक सॅमन आणि समुद्रातले होते पॅसिफिकच्या पाच वेगळ्या जातींचे, मुळातच कमी चरबीचे. हा दुसरा आक्षेप मला वजनदार वाटतो. पण म्हणून सातपटीचा फरक जातीच्या खात्यावर टाकून मोकळे होता येत नाही. खाद्य बदलले तसा तो फरक घटला, हे पुढे दिसलेच. २००६मध्ये एका मोठ्या आढाव्याने मासा खाण्याचा हृदयाला होणारा फायदा या जोखमीपेक्षा पुष्कळ मोठा असल्याचा निष्कर्ष काढला.

दरम्यान लेबलावरचा शब्दही गुंतागुंतीचा झाला होता. मासा पकडलेला की पाळलेला, हे छापणे युरोपात २००२पासून आणि अमेरिकेत २००५पासून सक्तीचे झाले. अमेरिकेच्या नियमात मात्र उबवणी केंद्रात जन्मून समुद्रात सोडलेला आणि नंतर पकडलेला मासाही ‘वाइल्ड’च ठरतो. अमेरिकेच्याच अलास्का राज्याने १९९०मध्ये माशांच्या पिंजराशेतीवर बंदी घातली, पण तिथल्या उबवणी केंद्रांतून पिल्ले समुद्रात सोडली जातात आणि मोठी झाल्यावर त्याच लेबलाखाली विकली जातात. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यही आहे, कारण त्यांची वाढ समुद्रातल्या खाण्यावरच होते. ब्लूफिन टुना याच्या उलट : समुद्रातून धरून आणायचा आणि पिंजऱ्यात चारून जाड करायचा.

समुद्रातल्या माशाचा स्वतःचा दोष पारा. जपानमधल्या मिनामाताची पाऱ्याची विषबाधा १९५६मध्ये उघड झाली, तिचा उगम कारखान्याच्या सांडपाण्यात होता. पण खुल्या समुद्रातही शार्क, तलवारमासा अशा दीर्घायुषी शिकारी माशांत पारा साठतो. गर्भवतींना हे मासे टाळायला सांगतात ते म्हणूनच. पाळलेल्या सॅमनमध्ये पारा कमी असतो. त्याच्या बाजूचा जुना डाग प्रतिजैविकांचा. नॉर्वेने लशींच्या जोरावर त्यांचा वापर जवळजवळ संपवला, चिलीत मात्र तो शेकडो टनांवर राहिला.

२००४नंतर खाद्यच पालटले. सोयाबीन, गहू, मोहरीवर्गीय तेल यांनी माशाच्या तेलाची जागा घेतली आणि २०१३पर्यंत नॉर्वेच्या खाद्यात समुद्राचा वाटा ३० टक्क्यांच्या घरात आला. पीसीबी उतरले. त्याबरोबर जे मिळावे म्हणून लोक सॅमन खातात तेही उतरले : स्कॉटलंडच्या पाळलेल्या सॅमनमधले ईपीए आणि डीएचए, म्हणजे माशातले मुख्य ओमेगा-३, २००६ ते २०१५ या काळात जवळपास निम्म्यावर आले. चरबी दुपटीच्या आसपास असल्यामुळे एका वाढणीत पाळलेल्या सॅमनमध्ये ही दोन्ही अजूनही समुद्रातल्या सॅमनपेक्षा कमी नसतात, पण त्यांच्यासोबत वनस्पती तेलांतले ओमेगा-६ आणि जास्तीचे उष्मांकही पोटात जातात. ड जीवनसत्त्वाचे पारडे समुद्रातल्या माशाकडे झुकलेले : २००७च्या एका तपासणीत पाळलेल्या सॅमनमध्ये ते समुद्रातल्या सॅमनच्या जेमतेम चौथा हिस्सा भरले.

२०२२मध्ये जगात पाळलेल्या जलचरांचे उत्पादन प्रथमच पकडलेल्यांच्या पुढे गेले. आता काही ठिकाणी सॅमनच्या खाद्यात सूक्ष्म शेवाळातून काढलेले तेल घालतात. समुद्रातल्या माशातले ओमेगा-३ मुळात अशाच शेवाळातून, लहान जीवांमार्फत, वर चढलेले असते. पिंजऱ्यातल्या माशाला ते मधल्या लहान माशांवाचून आणि त्यांच्या चरबीतल्या पीसीबीवाचून मिळते.