निराधार की श्रावणबाळ? घरच्या आजाऱ्यासाठी अर्ज टाकण्याआधी

घरात कोणी अंथरुणाला खिळलं की शेजारपाजारचे सांगतात, "तहसीलला जा, निराधारचा पगार सुरू करून घे." सल्ला खराच आहे. पण गावात ज्याला सरसकट 'निराधार' म्हणतात त्या दोन योजना आहेत: संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. दोन्हींचे अर्ज तहसीललाच, कागदही बरेचसे तेच. म्हणून गफलत होते आणि वेचणीचा रोज बुडवून तालुक्याला गेलेली सून हात हलवत परत येते.

आधी वय पाहा. 65 पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ. तिथे आजाराचं कारण द्यावं लागत नाही, वय आणि उत्पन्न बघतात. त्याआतल्या माणसासाठी संजय गांधी, पण तिथे नुसती गरिबी पुरत नाही. दिव्यांगत्व, वैधव्य, पक्षाघात किंवा कर्करोगासारखा आजार, असं कारण कागदावर दाखवावं लागतं. म्हणजे लकवा मारलेला 58 वर्षांचा सासरा संजय गांधीत बसेल, 67 वर्षांची माय श्रावणबाळात.

उत्पन्नाची अट कुटुंबाला वर्षाला 21,000 रुपयांची. संजय गांधीत दिव्यांगांसाठी 50,000. मजुरी करणाऱ्या घरासाठीसुद्धा 21,000 ही मर्यादा फारच तोकडी आहे, ती वाढायलाच हवी.

दोन्हींत महिन्याला 1,500 रुपये मिळतात. मात्र ऑक्टोबर 2025 पासून दोन्ही योजनांतल्या दिव्यांगांसाठी ही रक्कम 2,500 केली आहे. म्हणून आजारी माणूस 65 च्या वर आहे, आता दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र कशाला, असं म्हणू नका. लकव्यानं हातपाय गेले असतील तर त्या प्रमाणपत्रासाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर (संकेतस्थळावर) नोंदणी करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व निघालं तर महिन्याला हजाराचा फरक पडतो, आणि औषधपाण्याच्या घरात हजार रुपये फार मोठे असतात.

पैसे आजाऱ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतात. रात्र-रात्र जागणाऱ्या सुनेचं किंवा लेकीचं नाव त्यात कुठेच नसतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे, पण सरकारच्या ऐपतीत बसेल तेवढीच. समाजकल्याणच्या कार्यालयात त्याबद्दल जरूर विचारा.

एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत सुटून जाते. सांभाळणारी बाई स्वतः विधवा, घटस्फोटित किंवा नवऱ्यानं टाकलेली असेल, वय 65 च्या आत असेल आणि उत्पन्न अटीत बसत असेल, तर तिला स्वतःच्या नावानं संजय गांधीचा अर्ज करता येतो. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या घरच्यांनाही ही योजना लागू आहे. सासऱ्याचे कागद गोळा करताना तिनं आपलं आधार, रेशनकार्ड आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखलाही त्याच पिशवीत घालावा, म्हणजे दोन्ही अर्ज एकाच फेरीत जातील.