भार लाकडावर की भिंतीवर? पेठेतलं जुनं दुकान फोडण्याआधी

पुण्याच्या रविवार पेठेत रस्त्यावरून पाहिलं तर दोन जुन्या इमारती सारख्याच दिसतात: खाली दुकान, वर लाकडी सज्जा, माथ्यावर कौलं. पण एकीचा भार लाकूड पेलतं, दुसरीचा भिंत. दुकानाचं तोंड रुंद करायचं असेल तर हा फरक आधी कळायला हवा.

वाड्याच्या बांधणीत दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळई (जाड आडवं लाकूड), तुळयांवर कड्या (बारीक आडवी लाकडं) नि पाट (फळ्या). दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. मधल्या विटा किंवा पांढरी माती हे भरण. पण भरण बिनकामाचं नसतं, सांगाड्याला आडवा आधार त्याचाच. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंती भिजून ढासळल्या आणि वाडेच्या वाडे बसले.

भारवाही, म्हणजे भिंतीनंच भार पेलणाऱ्या, इमारतीत चुन्यातली वीट किंवा दगड हाच खांब. भिंत तळाशी दीड-दोन विटा जाड, आणि वरची भिंत खालच्या भिंतीच्या डोक्यावरच. विश्रामबाग वाड्यातले सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) लाकडी खांब पाहून महात्मा फुले मंडईच्या (१८८६) दगडी कमानींखाली उभं राहा, फरक लगेच डोळ्यांत भरतो.

गिलाव्याखाली मात्र तो लपतो. जिन्याखाली पाहा, तिथं सहसा कुणी रंग देत नाही. दर काही फुटांवर सरळ उभी बारीक चीर दिसली तर आत खांब आहे, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं, वीट तेवढी फुगत नाही. कड्या तुळईशिवाय थेट भिंतीत घुसल्या असतील, किंवा छताला लोखंडी गर्डर आणि मधे विटांच्या बसक्या कमानी असतील, तर भिंत भारवाही. पुढे भिंत नि मागे खांब अशी मिश्र बांधणीही पुष्कळ, म्हणून एकाच खोलीवरून ठरवू नये.

लाकूड कुजतं ते खांबाच्या पायाशी. नव्या फरशीनं तळखडा बुजतो, सिमेंटचा गिलावा ओल कोंडतो. तिथं पेचकस दाबा. अर्धा इंच सहज शिरला तर खांब गेला. गर्डर गंजला की गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि गर्डरच्या रेषेत लांब चीर उमटते. वरून सिमेंट भरून ती थांबत नाही.

भारवाही भिंत फोडायची तर आधी भिंतीतून आडवे दांडे आरपार घालून दोन्ही बाजूंनी टेकू द्या, वरच्या कड्यांनाही. मग थोडं थोडं फोडून गर्डर बसवा. त्याची टोकं दोन्हीकडे किमान नऊ इंच, घडीव दगडावर टेकलेली हवीत. गर्डर नि वरच्या विटांमधली फट पाचरी मारून, मसाला (सिमेंट-वाळूचा घट्ट गारा) ठासून भरा. मसाला पुरता आवळल्याशिवाय टेकू काढू नका. गर्डरचं माप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या.