योहानाच्या शुभवर्तमानातील वधस्तंभकथेची रचना

योहानाच्या शुभवर्तमानात (बायबलमधील येशूच्या जीवनावरील चार ग्रंथांपैकी एकात) येशूचा वधस्तंभावरील मृत्यू व दफन यांचे निवेदन १९व्या अध्यायाच्या १६व्या ओवीच्या उत्तरार्धापासून ४२व्या ओवीपर्यंत येते. त्यातील प्रसंग उलट क्रमाने परस्परांशी जुळतात, असे मत विसाव्या शतकात पुढे आले. पहिला प्रसंग शेवटच्याशी, दुसरा शेवटून दुसऱ्याशी जोडला जातो आणि मधला एकटा उरतो. या बांधणीला किआझमस म्हणतात. ग्रंथाचा काळ बहुधा इ. स. पहिल्या शतकाची अखेर मानतात.

निल्स लुंड यांनी १९४२ मध्ये बायबलच्या नव्या करारातील (ख्रिस्ती भागातील) अशा रचनांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. प्रस्तुत कथेसाठी रेमंड ब्राउन यांची १९७० च्या भाष्यातील मांडणी सहसा आधाराला घेतात. तीत प्रास्ताविक व दफन धरून सात घटक आहेत. आरंभी येशूला वधस्तंभावर चढवतात, अखेरीस खाली उतरवून पुरतात. दुसऱ्या घटकात मुख्य याजक पिलात या रोमन सुभेदाराकडे दोषपत्र (वधस्तंभावर लावलेला लेख) बदलण्याची मागणी करतात व तो ती नाकारतो. सहाव्यात वधस्तंभावरील लोकांचे पाय मोडण्याची (म्हणजे मृत्यू लवकर यावा अशी) विनंती होते व ती मान्य झालेली दिसते. तिसऱ्यात वस्त्रांची वाटणी, पाचव्यात तहान व मृत्यू. दोन्हीकडे शास्त्रलेख (जुन्या पवित्र ग्रंथातील वचन) पूर्ण होण्याचा उल्लेख आहे. मध्यभागी, चौथ्या घटकात, येशूची आई आणि ‘प्रिय शिष्य’ (या ग्रंथात नाव न दिलेला शिष्य).

यातील तिसरा-पाचवा हा दुवा सर्वांत कच्चा आहे. शास्त्रलेखाचा उल्लेख सहाव्या घटकातही, ३६व्या व ३७व्या ओव्यांत दोनदा येतो. म्हणजे ही खूण त्या जोडीपुरती राहत नाही. पिलाताला विनंती करणेही सहाव्यावर थांबत नाही, अरिमथाईकर योसेफ ३८व्या ओवीत तेच करतो. शिवाय प्रत्यक्ष साक्षीची ग्वाही देणारी ३५वी ओवी काही अभ्यासक मागाहूनची भर समजतात. बाहेरची जोडी आणि मध्य मात्र अधिक विश्वसनीय वाटतात. मध्याला ग्रंथातच आधार आहे: काना येथील लग्नात (२:१–११) आणि वधस्तंभाजवळ, दोन्ही ठिकाणी आईचे नाव दिलेले नाही, येशू तिला ‘बाई’ म्हणतो आणि ‘घटका’ (वेळ) या शब्दाचा उल्लेख येतो. आईला शिष्याच्या हाती सोपवण्याचा हा प्रसंग इतर तिन्ही शुभवर्तमानांत नाही. तो केवळ कौटुंबिक तरतूद म्हणून वाचणे त्यामुळे अपुरे ठरते.

दफनाच्या भागात निकदेम सुमारे शंभर रत्तल गंधरस व अगरू आणतो. येशूला बागेत अटक होते (१८:१) आणि बागेतच पुरले जाते (१९:४१). दोन्ही बागा फक्त योहान सांगतो.

मार्काच्या शुभवर्तमानातील याच कथेची बांधणी वेगळ्या तत्त्वावर आहे. तिथे दिवसाचा (सूर्योदयापासून मोजलेला) तिसरा, सहावा व नववा तास कथेचे टप्पे पाडतात. योहानात सहाव्या तासाच्या सुमारास येशू अजून पिलातासमोरच आहे.