गुणाकार बरोबर, एकक चुकलं

विमानात इंधन लिटरने भरतात, पण वैमानिकाचा हिशेब किलोत चालतो. उष्णतेने इंधन फुगतं, त्यामुळे तेवढंच इंधन दुपारी जास्त लिटर भरतं आणि पहाटे कमी. इंजिनाला मिळणारी ऊर्जा मात्र वस्तुमानावर ठरते. म्हणून लिटरला घनतेने गुणायचं आणि किलो काढायचे. शाळकरी गणित आहे हे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ साठी ते केलं गेलं आणि कॅनडावरून ४१,००० फुटांवर उडताना त्या विमानाच्या टाक्या रिकाम्या झाल्या.

विमान मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला चाललं होतं. इंधन दाखवणारी यंत्रणा बिघडलेली, कॉकपिटमधले आकडे कोरे. म्हणून टाकीतली पातळी पट्टीने मोजली: ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. लिटरना गुणलं १.७७ ने, उत्तर आलं १३,५९७. गुणाकारात काही खोट नव्हती. फक्त १.७७ हे एका लिटर इंधनाचं पौंडातलं वजन होतं, किलोतलं ०.८०३. कंपनीची बाकीची विमानं पौंडांवर चालायची, किलोवर चालणारं हे ७६७ नवं होतं. टाकीत खरं इंधन ६,१६९ किलोच होतं. आणखी २०,००० लिटर भरायला हवे होते, भरले ४,९०० च्या आसपास. ओटावाला पुन्हा पट्टीने मोजलं आणि पुन्हा पौंडांच्याच आकड्याने गुणलं.

मला यातली खरी गोम पुढे दिसते. हा आकडा विमानाच्या संगणकात हाताने भरला गेला. त्यातून जळालेलं इंधन वजा करत संगणक इमानाने शिल्लक दाखवत राहिला. ती शिल्लक टाकीतून आलेली नाही, माणसाने सांगितलेल्या आकड्यातून आलेली आहे, हे पडदा बघून कळायला मार्ग नाही. जुन्या विमानांत इंधनाचा हिशेब फ्लाइट इंजिनिअर बघायचा. ७६७ मध्ये दोनच वैमानिक होते, आणि तिसऱ्याचं हे काम आता नेमकं कोणाचं, हे कंपनीने नीट ठरवलेलं नव्हतं.

आधी डावं इंजिन बंद पडलं, मग उजवं. इंजिनांबरोबर वीज गेली, बहुतेक पडदे काळे झाले. पोटाखालून एक छोटा पंखा आपोआप बाहेर आला. समोरून येणाऱ्या वाऱ्यावर फिरून तो विमान वळवण्यापुरता हायड्रॉलिक दाब देत राहिला. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी किती अंतरात किती उंची गेली ते मोजलं. विनिपेग शहराच्या विमानतळापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. जवळ होता गिमलीचा जुना हवाईदल तळ, जिथे त्यांनी पूर्वी नोकरी केली होती. तिथली एक धावपट्टी आता मोटारशर्यतींसाठी वापरतात आणि त्या दिवशी तिथे कुटुंबं जमली आहेत, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

विमान धावपट्टीच्या मानाने फार उंचावर होतं, उतरताना वेग कमी ठेवणाऱ्या पंखांवरच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, चालत नव्हते. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन हौसेने ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, उडवायचे. त्यांनी रडर (शेपटीवरचं सुकाणू) एका बाजूला आणि एलेरॉन (पंखांच्या टोकांकडच्या झडपा) दुसऱ्या बाजूला दाबून विमान तिरकं केलं. अंगावर आडवा वारा घेतल्याने रोध वाढतो आणि वेग न वाढता उंची झपाट्याने उतरते. एवढ्या मोठ्या प्रवासी विमानाने हे करणं म्हणजे धाडसच. पुढचं चाक पक्कं बसलं नव्हतं, ते दुमडलं, आणि नाक घासत विमान थांबलं. ६९ पैकी सगळे वाचले.

आकडा खरा असूनही विमान पडू शकतं. २८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं एक डीसी-८ विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडवर सुमारे तासभर घिरट्या घालत होतं. कॅप्टनचं सारं लक्ष चाकांच्या बिघाडात गुंतलं होतं. मापक ठीक होते, फ्लाइट इंजिनिअर हजर होता, त्याने इंधन कमी होत असल्याचं सांगितलंही, पण पुरेशा जोरात नाही. टाक्या संपल्या, विमान शहराच्या वस्तीत कोसळलं आणि १० जण गेले. तपासानंतर शिफारस झाली ती वैमानिकांच्या प्रशिक्षणाची: कनिष्ठाने ठामपणे बोलावं आणि कॅप्टनने ऐकावं. युनायटेडने १९८१ मध्ये त्याचा अभ्यासक्रमच सुरू केला.