तो 'वॉज' भूतकाळ नव्हेच

परवा एका दैनिकात पहिल्याच पानावर वाचलं, 'सरकार कर्जमाफीचा विचार करत होते, असे मंत्र्यांनी सांगितले.' करत होते? म्हणजे आता नाद सोडला? संध्याकाळी टीव्हीवर त्याच पत्रकार परिषदेची चित्रफीत लागली. मंत्री स्वच्छ मराठीत म्हणत होते, 'विचार करतोय.' बोलणं मराठीतून इंग्रजी बातमीत गेलं असणार, तिथं 'वॉज कन्सिडरिंग' झालं असणार आणि परत मराठीत येताना 'करत होते' होऊन आलं असणार. शब्दकोश काढून बसलात तरी चूक सापडायची नाही. शब्द सगळे बरोबर आहेत, बातमी तेवढी उलटी झाली.

शाळेत 'डायरेक्ट-इनडायरेक्ट' करताना आपण सगळ्यांनी हे घोकलंय. 'सेड' आलं की पुढच्या 'दॅट'नंतर 'इज'चं 'वॉज', 'विल'चं 'वुड'. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्ये याला 'बॅक-शिफ्टिंग' म्हटलं, म्हणजे काळ एक पायरी मागं सरकवणं. असं का करायचं, हे मात्र बाईंनी सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही. त्यामुळे 'वॉज' दिसला की 'होता' लिहायचं, एवढंच हाताला वळण लागलं.

माझ्या मते या 'वॉज'कडे काळ म्हणून न बघता मेळ म्हणून बघावं. 'चांगली मुलगी' म्हणताना आपण 'चांगला'ला ईकार लावतो, म्हणून काही चांगुलपणा स्त्रीलिंगी होत नाही. लिंग मुलीचं, विशेषणानं ते नुसतं अंगावर घेतलं. तसंच 'सेड'चा भूतकाळ 'दॅट'च्या पलीकडचं क्रियापद अंगावर घेतं. त्याला स्वतःला भूतकाळाबद्दल काहीच सांगायचं नसतं.

पटत नसेल तर हे वाक्य बघा. अशा घाटाच्या वाक्यांवर डोरिट अबुश यांच्या लेखनानंतर भाषावैज्ञानिकांत पुष्कळ काथ्याकूट झाला आहे. 'लास्ट मंडे रवी डिसायडेड दॅट नेक्स्ट संडे ही वुड टेल हिज मदर दॅट दे वर हॅविंग देअर लास्ट मील टुगेदर.' आज बुधवार धरा. रवीनं ठरवलं ते सोमवारी. आईला सांगणार रविवारी. जेवणही रविवारीच, सांगता सांगता. आता 'वर हॅविंग' हा भूतकाळ कुणाच्या मागचा? आजच्या मागचा नाही, रविवार अजून यायचाय. सोमवारच्या मागचा नाही. सांगण्याच्या क्षणाच्याही मागचा नाही, कारण सांगणं आणि जेवणं एकाच वेळी चाललंय. तिन्ही क्षण तपासले, एकाच्याही मागं हा भूतकाळ बसत नाही. तो 'डिसायडेड'पासून निघाला, 'वुड'वरून घरंगळत 'वर'पर्यंत आला, एवढंच. मराठीत हेच बघा: 'रवीनं सोमवारी ठरवलं की रविवारी आईला सांगायचं, हे आपलं शेवटचं एकत्र जेवण आहे.' सरळ 'आहे'. 'होतं' म्हणालात तर जेवण उरकलेलं असेल.

यात एक मेख आहे. हे फक्त स्थितीला, नेहमीच्या किंवा चालू क्रियेला लागू पडतं. 'ही सेड शी वॉज इल' म्हणजे 'ती आजारी आहे असं तो म्हणाला' किंवा 'आजारी होती असं म्हणाला'. दोन्ही अर्थ निघतात, प्रसंग बघून ठरवायचं. पण 'ही सेड शी लेफ्ट' म्हणजे ती गेलीच, आधीच. एका झटक्यात संपणाऱ्या क्रियेत ही गोम नाही. आणि 'हॅड बीन इल' म्हटलं की आजारपण निःसंशय आधीचं. अनुवादकानं 'वॉज', 'आयएनजी' किंवा 'न्यू', 'लिव्ह्ड'सारखं स्थिती वा सवय सांगणारं क्रियापद दिसताच थांबावं, झटक्यात संपणाऱ्या क्रियेपाशी निर्धास्त पुढं जावं.

मग 'इज' तसाच ठेवला तर? शाळेतलं उत्तर असं, की त्रिकालाबाधित सत्य असेल तरच, पृथ्वी सूर्याभोवती फिरते वगैरे. हा नियम फार अरुंद आहे. 'ही सेड शी इज प्रेग्नंट' चालतं, आणि गरोदरपण काही त्रिकालाबाधित नव्हे. अट एवढीच की ती स्थिती तो बोलला तेव्हापासून आत्ता आपण बोलतोय तोपर्यंत ताणता आली पाहिजे. म्हणून 'थ्री इयर्स अगो ही सेड शी इज प्रेग्नंट' कानाला खटकतं. हत्तीणही सुटत नाही, तिचं गरोदरपण साधारण २२ महिन्यांचं. आणि प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीबद्दल बोलताना 'बिलीव्ह्ड दॅट द सन वेंट राउंड द अर्थ' असंच म्हणतात. तिथं 'गोज' घातलं तर त्याची चूक थोडी आपल्याही गळ्यात पडते.

आता कुणीतरी म्हणेल, बघा, मराठी किती तर्कशुद्ध! 'नासानं संस्कृतला संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवलं' हा निरोप पुढं ढकलणारी मंडळी याचाही लगेच निरोप करतील. त्या निरोपाचं मूळ १९८५ मधला नासाशी संबंधित संशोधक रिक ब्रिग्ज यांचा एक लेख. 'ठरवलं' वगैरे नंतरची भर. आणि 'आहे' तसाच ठेवायची आपली पद्धत जपानीत आहे, रशियनमध्येही आहे. त्यात पूर्वजांचं विशेष कर्तृत्व नाही. शिवाय आपला 'की' फारसीतून आलेला. घरचं म्हणावं तर 'असं' आणि 'म्हणून'.

आपल्याकडे घोळ नाही असंही नाही. काळाचा गोंधळ इंग्रजीनं करून ठेवला, सर्वनामाचा आपण. 'की' दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं आत घेऊ शकतो, त्याच्या 'मी'सकट; मग तो 'मी' मूळ बोलणाऱ्याचा की निरोप सांगणाऱ्याचा, ते कळत नाही. इंग्रजीत 'दॅट'नंतर 'आय' आला तर तो सांगणाराच. परवा ऑफिसात एक सहकारी सांगत आला, 'साहेब म्हणाले की मी रजेवर आहे उद्या.' मी खुशीत डबा न आणता बाहेर जेवायचा बेत केला. सकाळी साहेब दारातच उभे, आणि खुर्ची रिकामी होती ती निरोप्याची.