चेताशिखा पेशी

पृष्ठवंशी भ्रूणात चेतानलिका (जिच्यातून पुढे मेंदू व मज्जारज्जू बनतात ती नळी) मिटत असताना तिच्या दोन्ही काठांवर तयार होणाऱ्या आणि तिथून सुटून शरीरभर पांगणाऱ्या पेशी. ‘न्यूरल क्रेस्ट’ हे नावही रूढ आहे. चेहऱ्याची बहुतेक हाडे, रंगपेशी, आतड्यातील चेतापेशी व अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीचा गाभा यांतूनच घडतात.

शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस याने १८६८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात त्यांचे वर्णन केले. नाव मात्र प्राणिशास्त्रज्ञ आर्थर मार्शलचे, १८७९च्या सुमारासचे. खरा वाद कूर्चेचा. भ्रूणाचे बाह्यस्तर, मध्यस्तर व अंतःस्तर असे तीन जननस्तर (मूळ थर) असतात; कूर्चा (लवचिक, मऊ हाड) मध्यस्तरातूनच येते, अशी तेव्हाची समजूत. जबड्याची कूर्चा बाह्यस्तरातून येते, असे ज्युलिया प्लॅट हिने १८९३ मध्ये नेक्टुरस या उभयचरावरून मांडले, ते बराच काळ कोणी मानले नाही. १९६९ मध्ये निकोल ल दुआरँ यांनी लावा (क्वेल) पक्ष्याच्या पेशींच्या केंद्रकातला गडद ठिपका खूण म्हणून वापरला. पुढे कोंबडीत कलम केलेल्या लाव्याच्या पेशी कुठे पोचतात ते थेट दिसू लागले. या पेशींना ‘चौथा जननस्तर’ही म्हणतात, उगम बाह्यस्तरातलाच असल्याने ती उपमाच समजणे बरे.

या पेशी कोंबडीच्या भ्रूणात पाहण्याच्या प्रात्यक्षिकासाठी लेअर फार्मची अंडी निरुपयोगी, ती अफलित असतात. बेळगाव-खानापूर भागात कोंबडा सोबत असलेल्या गावठी कोंबडीची अंडी घ्यावीत. ३७.५ ते ३८ अंश सेल्सिअसला, आडवी ठेवून, ३३ ते ३८ तास उबवल्यावर सुमारे १० कायखंड (चेतानलिकेच्या दोन्ही बाजूंना ओळीने असलेले पेशींचे ठोकळे) दिसतात. डोक्याकडच्या पेशी तेव्हा निघालेल्या असतात. कवचात खिडकी पाडण्याआधी बोथट टोकातून सिरिंजने २–३ मिली पांढरा बलक काढावा, नाहीतर कात्रीखाली भ्रूणच फाटतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात बाहेर राहिलेल्या अंड्यांत वाढ आधीच सुरू होते आणि तासांचा हिशेब चुकतो.

धडाकडील पेशी कायखंडाच्या पुढच्या अर्ध्यातूनच वाट काढतात. मागचा अर्धा त्यांना अडवतो. रंगपेशी पाठीकडून खाली सरकतात. त्या कमी पडल्या, की सर्वांत दूरचे भाग कोरे राहतात. निपाणी-चिकोडीकडच्या गोठ्यांत म्हशीच्या कपाळावर चांद नि शेपटीचा गोंडा पांढरा दिसतो, तो बहुधा याच कारणाने.

आतड्यात प्रवास मुख्यतः वरून खाली होतो. तो अपुरा राहिला, तर शेवटचा भाग चेतापेशींविना राहतो; हा हिर्शस्प्रुंगचा आजार, साधारण ५,००० जन्मांत एक. बाळाला पहिली काळी शी ४८ तासांतही होत नाही, पोट फुगते. फुगलेला भाग निरोगी असतो. दोष त्याखालच्या अरुंद भागात.